निरोप वेळेत पोचविण्याचे शास्त्र

प्रत्येक निरोपाला दोन बाजू असतात. एक म्हणजे त्यातील मजकूर आणि दुसरी म्हणजे तो पोचण्याची वेळ. शाळेत आपण मजकुराचा अभ्यास करतो. पत्र कसे लिहावे, अर्ज कसा करावा, हे शिकतो. परंतु अचूक मजकुराचा निरोप वेळ टळून गेल्यावर पोचला तर त्याची किंमत काय उरते, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. परीक्षेचे प्रवेशपत्र परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मिळाले, तर त्यावरील नाव, क्रमांक आणि केंद्र कितीही बरोबर असले तरी ते कागदाचा तुकडाच ठरते.

वडसा (देसाईगंज) हे वैनगंगेच्या काठचे गाव. पलीकडे ब्रह्मपुरी तालुका आणि वरच्या अंगाला, भंडारा जिल्ह्यातील पवनीजवळ, तेहतीस दरवाजांचे गोसेखुर्द धरण. त्याच्याही वर, मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात, भीमगडचे संजय सरोवर. सन २०२० च्या ऑगस्टच्या अखेरच्या दिवसांत वरच्या भागातील पाणी खाली आले आणि भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतील नदीकाठच्या वस्त्यांनी महापूर अनुभवला. अशा वेळी नदीतून पाणी येत असते आणि त्याच्या पुढे धावत एक निरोप यायचा असतो. पाणी आणि निरोप यांच्या या शर्यतीत निरोप जिंकला पाहिजे. तो नुसता जिंकून भागत नाही. माणसे, गुरे आणि धान्य हलविण्याइतका वेळ हाती ठेवून तो जिंकला पाहिजे.

ज्या निरोपांना अशी मुदत असते त्यांचा क्रम कसा लावावा, याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत उभे राहिले आहे. संगणक अभियंते त्याला रिअल टाइम संदेशवहन म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही या शास्त्राची मूलतत्त्वे आपल्या परिसरातील उदाहरणांच्या साहाय्याने मांडणार आहोत. यासाठी बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित लागणार नाही.

जलद आणि वेळेत

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘रिअल टाइम’ म्हणजे ‘फार जलद’ असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते बरोबर नाही. रिअल टाइम म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या आत, आणि तेही खात्रीने. मोटारीच्या ब्रेकचा संदेश काही सहस्रांश सेकंदांत पोचावा लागतो. शेतात काम करणाऱ्यांना विजेचा इशारा काही मिनिटांत मिळावा लागतो. पुराच्या सूचनेला काही तास चालतात. या तिन्ही मुदती वेगवेगळ्या आहेत. तरीही तिन्ही संदेश याच शास्त्रात बसतात, कारण तिन्ही ठिकाणी मुदत चुकली तर संदेश निरुपयोगी ठरतो.

मुदतीही दोन प्रकारच्या असतात. काही मुदती चुकल्या तर गैरसोय होते. त्यांना आपण मऊ मुदत म्हणू. काही चुकल्या तर प्राण जातात. त्यांना कठोर मुदत म्हणू. फोनवरील संभाषण हे पहिल्या प्रकारचे. बोलण्याचा आवाज दीडशे सहस्रांश सेकंदांच्या आत दुसऱ्या टोकाला पोचला तर संभाषण नैसर्गिक वाटते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा निकष आहे. इंटरनेटवरून बोलताना आवाजाचे लहान लहान तुकडे पाठविले जातात. त्यातील एखादा तुकडा फार उशिरा आला तर यंत्र त्याची वाट पाहत बसत नाही. ते तो फेकून देते आणि पुढचा तुकडा ऐकविते. उशिरा आलेला खरा शब्दही तेथे कचरा मानला जातो.

बँकेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या नित्याच्या व्यवहारातही हा भेद दिसतो. एनईएफटी पद्धतीत पैसे पाठविण्याचे संदेश गोळा करून दर अर्ध्या तासाने गठ्ठ्याने निकाली काढले जातात. सन २००४ पासून चालू झालेल्या आरटीजीएस पद्धतीत प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे, आला तसा निकाली निघतो. एकाला गठ्ठ्याची वाट पाहावी लागते, दुसऱ्याला नाही. घरभाड्याला पहिली पद्धत पुरते. पण त्याच घटकेला मोठ्या रकमेची फेड करावयाची असेल तर दुसरी लागते. म्हणजे कोणती पद्धत चांगली, हा प्रश्नच अपुरा आहे. मुदत कोणती, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

येथे सरासरीचा मोह टाळावा. एखाद्या कार्यालयाने सांगितले की आमचे निरोप सरासरी दहा मिनिटांत पोचतात, तर त्यावर समाधान मानू नये. नऊ निरोप एका मिनिटात आणि दहावा एक्याण्णव मिनिटांनी पोचला तरी सरासरी दहाच येते. ज्याचा निरोप दहावा होता त्याने सरासरी घेऊन काय करावे? नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे असे ऐकून कोणी वैनगंगेत उतरत नाही. म्हणून हे शास्त्र सरासरी पाहत नाही. ते सर्वांत वाईट प्रसंगी किती उशीर होईल, एवढेच विचारते.

एकेरी रुळाचा धडा

आता निरोपाला उशीर का होतो, ते पाहू. तारेतून किंवा हवेतून जाण्यास निरोपाला फारसा वेळ लागतच नाही. वेळ जातो तो मार्ग मोकळा होण्याची वाट पाहण्यात. मार्ग एक आणि प्रवासी अनेक, हे त्याचे मूळ कारण होय.

हे समजण्यासाठी वडशाच्या लोकांना लांब जावे लागत नाही. गोंदियाहून नागभीड व चांदा फोर्टमार्गे बल्लारशाकडे जाणारा आपला लोहमार्ग एकेरी म्हणूनच घातला गेला. पूर्वी तो अरुंद होता, १९९० च्या दशकात तो रुंद झाला आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या दुपदरीकरणास मंजुरी दिली. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरची गाडी येऊन पोचल्याशिवाय इकडची सोडता येत नाही. भारतीय रेल्वेत अशा मार्गांवर पूर्वी टोकनची पद्धत सर्रास होती. टोकन चालकाच्या हाती आल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जात नसे आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघत असे.

गाड्यांचेही अग्रक्रम असतात. अपघातस्थळी मदत घेऊन जाणाऱ्या गाडीला सर्वांत आधी वाट मिळते, मग जलद प्रवासी गाड्यांना आणि शेवटी मालगाडीला. परंतु मालगाडी एकदा टप्प्यात शिरली की मागून कितीही महत्त्वाची गाडी आली तरी तिला थांबावेच लागते. मालगाडीला उचलून बाजूला ठेवता येत नाही. यातून पहिला नियम निघतो. नुसता अग्रक्रम दिल्याने उशीर टळत नाही. पुढे गेलेले बिनमहत्त्वाचे काम किती लांबीचे आहे, यावरही तातडीच्या कामाचा उशीर अवलंबून असतो.

एक हिशेब

विद्यार्थी मित्रांनी आता कागद-पेन्सिल घ्यावी. अशी कल्पना करू की एका तालुक्याच्या नियंत्रण कक्षात बिनतारी संदेशाचा एकच मार्ग आहे आणि त्यावरून तीन प्रकारचे निरोप जातात.

पहिला निरोप धरणाचे दरवाजे उघडल्याचा. तो सांगण्यास २ मिनिटे लागतात आणि तो ६ मिनिटांत पोचला पाहिजे.

दुसरा निरोप रस्ता बंद झाल्याचा. त्यास ३ मिनिटे लागतात आणि मुदत १५ मिनिटांची आहे.

तिसरा निरोप म्हणजे दिवसभराचा सविस्तर अहवाल. त्यास २० मिनिटे लागतात आणि मुदत २ तासांची आहे.

समजा अहवाल १० वाजता आला, रस्त्याचा निरोप १० वाजून १ मिनिटाने आला आणि धरणाचा १० वाजून २ मिनिटांनी आला. आता तीन रीती पाहू.

पहिली रीत, जो आधी आला तो आधी. अहवाल १०.२० ला संपेल, रस्त्याचा निरोप १०.२३ ला आणि धरणाचा १०.२५ ला. रस्त्याच्या निरोपाची मुदत १०.१६ ला संपली होती, धरणाची १०.०८ लाच संपली होती. रांग अगदी न्यायाने चालली, कोणी मध्ये घुसला नाही, तरीही दोन निरोप वाया गेले.

दुसरी रीत, धरणाच्या निरोपाला अग्रक्रम देऊ. पण अहवाल सुरू झालेला आहे. तो १०.२० ला संपल्यावर धरणाचा निरोप निघेल आणि १०.२२ ला पोचेल. रस्त्याचा १०.२५ ला पोचेल. अग्रक्रम देऊनही दोन्ही मुदती चुकल्या.

तिसरी रीत, अहवालाचे दोन-दोन मिनिटांचे दहा तुकडे करू आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबून, ज्याची मुदत आधी संपते त्याला वाट देऊ. अहवालाचा पहिला तुकडा १०.०२ ला संपेल. लगेच धरणाचा निरोप निघून १०.०४ ला पोचेल. रस्त्याचा १०.०७ ला पोचेल. त्यानंतर अहवालाचे उरलेले नऊ तुकडे जातील आणि अहवाल १०.२५ ला पूर्ण होईल. त्याची मुदत १२ वाजेपर्यंत होती.

तिन्ही रीतींत सर्व काम १०.२५ लाच संपते. मार्ग तोच, वेग तोच, माणसे तीच, आणि एकही निरोप गाळलेला नाही. केवळ तुकडे करणे आणि मुदतीप्रमाणे क्रम लावणे, एवढ्यानेच तिन्ही निरोप वेळेत पोचले. या शास्त्राचे सार या एका हिशेबात आहे असे म्हणता येईल.

आता सर्वांत वाईट प्रसंग तपासू. धरणाचा निरोप आला तेव्हा नेमका रस्त्याचा निरोप नुकताच सुरू झाला होता असे धरू. तो न तोडता ३ मिनिटे चालतो. म्हणजे वाट पाहण्याची ३ आणि स्वतःची २ मिळून ५ मिनिटे. मुदत ६ ची आहे, तेव्हा निभावले. परंतु उद्या कोणी ५ मिनिटांचा न तुटणारा निरोप या मार्गावर आणला, तर ५ आणि २ मिळून ७ होतील आणि धरणाची मुदत चुकेल. असा हिशेब निरोप येण्यापूर्वीच मांडून ठेवावा लागतो. पूर आल्यावर कागद काढून चालत नाही.

क्रम लावण्याच्या पद्धती

जगात यासाठी अनेक पद्धती वापरात आहेत. त्यातील मुख्य तेवढ्या येथे सांगतो.

एक म्हणजे वर वापरलेली, ज्याची मुदत आधी संपते तो आधी. दुसरी म्हणजे ठरीव अग्रक्रमाची, जे काम वारंवार येते त्याला कायमचा वरचा क्रमांक द्यावयाचा. सन १९७३ मध्ये ल्यू आणि लेलँड या दोन संशोधकांनी या दोन्ही पद्धतींचे गणित मांडले. प्रत्येक कामाने आपल्या पुढच्या पाळीपूर्वी पूर्ण व्हावे आणि चालू काम मध्येच थांबविता यावे, एवढ्या अटी धरल्या तर ठरीव अग्रक्रमाच्या पद्धतीत सुमारे ६९ टक्के भारापर्यंत सर्व मुदती पाळल्या जातील याची हमी देता येते. मुदतीप्रमाणे क्रम बदलत ठेवला तर ही हमी थेट १०० टक्क्यांपर्यंत जाते. हे गणित संगणकातील कामांचे होते. निरोप मात्र पाहिजे तेथे तोडता येत नाही, त्यामुळे निरोपांच्या बाबतीत याहून थोडी अधिक मोकळी जागा राखावी लागते.

तिसरी पद्धत खणांची. वेळेचे समान खण पाडून प्रत्येकाला आपापला खण नेमून देतात. आपल्या परिचयाच्या जीएसएम मोबाईलमध्ये एका रेडिओ वाहिनीचे असे आठ खण पाडून आठ जणांचे बोलणे चालविले जाते. गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी २०२० मध्ये भारतीय रेल्वेने राष्ट्रीय पातळीवर स्वीकारलेल्या ‘कवच’ प्रणालीतही इंजिन आणि स्थानक यांचा रेडिओ संवाद नेमून दिलेल्या खणांतून होतो. या पद्धतीत खात्री मोठी असते, परंतु ज्याला काही सांगावयाचे नाही त्याचा खण रिकामा जातो.

चौथी पद्धत टोकनची, आपल्या एकेरी रुळासारखीच. संगणकांच्या जाळ्यात एक अदृश्य टोकन फिरत राहते आणि ते ज्याच्याकडे असेल त्यानेच बोलावयाचे. दहा जण असतील आणि प्रत्येकाने जास्तीत जास्त दोन मिनिटे बोलावयाचे ठरले असेल, तर आपली पाळी येण्यास फार तर अठरा मिनिटे लागतील. येथे कोणाची मेहेरबानी लागत नाही. नऊ दुणे अठरा, एवढाच हिशेब.

पाचवी पद्धत मोटारगाड्यांतील आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जाहीर केली. गाडीतील अनेक यंत्रे एकाच तारेवर बोलतात. प्रत्येक निरोपाला एक क्रमांक असतो. दोघांनी एकाच वेळी बोलण्यास आरंभ केला तर दोघेही आपला क्रमांक शून्य आणि एक या चिन्हांत सांगत जातात. जेथे एकाचा शून्य आणि दुसऱ्याचा एक येतो तेथे शून्याचा आवाज चढतो, आणि एक म्हणणारा आपोआप गप्प होतो. जिंकणाऱ्याच्या निरोपाला धक्काही लागत नाही. या पद्धतीत मुळात एका निरोपात आठ अक्षरांइतकाच मजकूर बसत असे. यामागील कारण आपण वरच्या हिशेबात पाहिलेच आहे. निरोप लहान असेल तर मागच्याला फार वेळ थांबावे लागत नाही.

अग्रक्रमाची उलटापालट

क्रम लावूनही फसगत कशी होते, याचे उदाहरण मंगळावर घडले. अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक वारंवार बंद होऊन नव्याने सुरू होऊ लागला. यानातील हवामानाची माहिती गोळा करणारे काम अगदी खालच्या अग्रक्रमाचे होते, तर माहितीच्या सामाईक मार्गाची व्यवस्था पाहणारे काम वरच्या अग्रक्रमाचे. दोघांनाही एकच सामाईक कुलूप वापरावे लागे. खालच्या कामाने कुलूप धरले असताना मधल्या अग्रक्रमाची कामे येत आणि खालच्याला बाजूला सारीत. खालचा अडकला म्हणजे कुलूप अडकले आणि कुलूप अडकले म्हणजे सर्वांत वरचे कामही अडकले.

हे आपल्या भाषेत असे सांगता येईल. कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे. मोठ्या साहेबांना कपाटातील कागद तातडीने हवा आहे. पण मधल्या साहेबांनी शिपायाला दुसऱ्याच कामासाठी बाहेर पाठविले आहे. मधल्या साहेबांना वाटते की आपण शिपायाचा वेळ घेतला. प्रत्यक्षात त्यांनी मोठ्या साहेबांचा वेळ घेतलेला असतो.

यावरचा उपाय ल्युई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडलेला होता. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला, किल्ली परत करेपर्यंत, वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम उसना द्यावा. पृथ्वीवरून तसा बदल पाठविण्यात आला आणि यान सुरळीत चालू लागले. यातील बोध मोठा आहे. तातडीच्या वेळी किल्ली ज्याच्या हाती आहे तो माणूस हुद्द्याने कितीही लहान असो, त्या घटकेला त्याचे काम सर्वांत मोठे असते.

सगळेच तातडीचे

वडीलधाऱ्यांना ट्रंक कॉलचा काळ आठवत असेल. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार असत आणि वरच्या प्रकाराला जास्त दर पडे. तारेतही साधी आणि एक्स्प्रेस असा भेद होता. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. जास्त दर ठेवण्यात एक शहाणपण होते. सर्वांनीच आपला निरोप तातडीचा ठरविला तर तातडीला अर्थ उरत नाही आणि रांग पुन्हा जेथल्या तेथे येते. परंतु पैशाने अग्रक्रम ठरविण्यात उघड अन्यायही आहे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याचे दुःख काही साधे नसते.

म्हणून हे शास्त्र दुसरा मार्ग सांगते. मार्गावर येण्यापूर्वीच प्रत्येक प्रकारच्या निरोपाने तीन गोष्टी जाहीर कराव्यात. तो किती लांब असेल, किती वेळाने एकदा येईल आणि त्याची मुदत काय. वरच्या उदाहरणात धरणाचा निरोप अर्ध्या तासातून एकदा, रस्त्याचाही अर्ध्या तासातून एकदा आणि अहवाल दोन तासांतून एकदा येतो असे धरल्यास, दोन तासांत ८, १२ आणि २० मिळून ४० मिनिटे मार्ग व्यापला जातो. १२० पैकी ४०, म्हणजे तिसरा हिस्सा. अजून जागा आहे. नवा निरोप आल्यास आधी बेरीज करावी, सर्वांत वाईट प्रसंग तपासावा, मगच त्याला प्रवेश द्यावा. न बसणाऱ्या निरोपाला आधीच नकार देणे हे सर्वांना होकार देऊन ऐन वेळी फसविण्यापेक्षा प्रामाणिकपणाचे आहे.

येथेच आणखी एक लहान नियम सांगतो. रांगेत दहा वाजताची पाणीपातळी आणि अकरा वाजताची पाणीपातळी असे दोन निरोप थांबले असतील, तर अकराचा आधी पाठवावा. दहाचा नोंदवहीत राहू द्यावा. शिळी पातळी ताज्या पातळीची वाट अडविते.

शेवटच्या घरापर्यंत

आतापर्यंत आपण एकाच मार्गाचा विचार केला. पण पुराचा निरोप अनेक हातांतून जातो. आपल्या देशात नद्यांच्या पुराचे पूर्वानुमान केंद्रीय जल आयोग करतो. हे काम १९५८ मध्ये दिल्ली येथे यमुनेवर सुरू झाले. या आयोगाचा उगम ज्या केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगात आहे, तो एप्रिल १९४५ मध्ये स्थापन झाला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सल्ल्याने तो स्थापन झाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. वैनगंगेच्या पाण्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणे हे त्या कार्याशी नाते सांगणारे आहे.

एक कल्पित हिशेब करू. समजा धरणातून सोडलेले पाणी एका गावी पोचण्यास १० तास लागतात. गाव रिकामे करण्यास ४ तास लागतात. राहिले ६ तास. त्यातील १ तास अडचणींसाठी राखू. उरलेले ५ तास निरोपाचे. ते असे वाटता येतील. मोजमाप व अंदाज १ तास, निर्णय १ तास, जिल्ह्याहून तालुक्याला अर्धा तास, तालुक्याहून गावाला अर्धा तास आणि गावात घरोघरी २ तास. आता निर्णय घेणाऱ्या कार्यालयाने १ ऐवजी ३ तास घेतले तर काय होईल? पाणी थांबणार नाही. गाव रिकामे करण्याचे ४ तास कमी होणार नाहीत. राखीव तास जाईल आणि घरोघरी सांगण्याचे २ तास १ वर येतील. गावातील अर्ध्या घरांना निरोप मिळणारच नाही. ती अर्धी घरे म्हणजे बहुधा रस्त्यापासून दूरची, नदीकडच्या सखल भागातील, फोन नसलेली घरे असतात.

वरच्या प्रत्येक टप्प्यावरील दिरंगाई शेवटच्या घराच्या वाट्यातून वजा होते. ज्याने उशीर केला त्याला तो जाणवत नाही, कारण त्याचे पाय कोरडे असतात.

शेवटच्या टप्प्यासाठी आपल्या पूर्वजांनी शोधलेले साधन म्हणजे दवंडी. कोतवाल गल्लीच्या तोंडाशी उभा राहून एकदा ओरडला की साऱ्या गल्लीला निरोप मिळे. प्रत्येकाच्या दारी जाऊन सांगण्यापेक्षा ही रीत कितीतरी जलद होती. आधुनिक काळात हाच विचार मोबाईलवर आला आहे. एक लाख लोकांना एसएमएस करावयाचा तर एक लाख निरोप रांगेत लागतात आणि संकटाच्या वेळी, जेव्हा सगळेच फोन करीत असतात, ती रांग आणखी लांबते. सेल ब्रॉडकास्ट पद्धतीत मनोरा एकच निरोप प्रसारित करतो आणि त्याच्या टप्प्यातील सर्व फोन तो एकदमच घेतात. सन २०२३ मध्ये अनेकांचे मोबाईल अचानक मोठ्याने वाजले होते आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला होता. ती याच पद्धतीची देशव्यापी चाचणी होती. ही डिजिटल दवंडीच होय.

परंतु मनोऱ्याचा टप्पा जेथे संपतो तेथे ही दवंडीही संपते आणि आपल्या वनप्रदेशात अशा जागा आहेत. म्हणून जुनी साधने मोडीत काढू नयेत. एकच मार्ग असला की तो तुटण्याची भीती असते. भोंगा, ध्वनिक्षेपक, फोन आणि पायी जाणारा माणूस असे दोन-तीन मार्ग एकाच वेळी वापरावेत. शिवाय निरोपाची पोच आली पाहिजे. ‘पाठविला’ आणि ‘मिळाला’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठवावा लागतो आणि त्यासाठीचा वेळही हिशेबात आधीच धरावा लागतो.

पुरापुरताच हा विचार नाही. सन २०२१ पासून गडचिरोली जिल्ह्यात रानटी हत्तींचा कळप आला आणि वडसा वनविभागातील गावांना नव्या प्रकारच्या निरोपाची गरज पडली. हत्तींच्या निरोपाला तासाभराची मुदत, विजेच्या निरोपाला मिनिटांची, पुराच्या निरोपाला तासांची. हे तिन्ही निरोप गावातील त्याच चार-पाच माणसांच्या फोनवर येतात आणि त्याच फोनवर शुभेच्छांची चित्रेही येतात. ज्या गटावर इशारे येतात तेथे इतर काही टाकू नये, हा नियम म्हणजे शिस्तीचे अवडंबर नव्हे. मालगाडीने टप्पा अडवू नये म्हणून केलेली ती तरतूद आहे.

विद्यार्थ्यांसाठी

थोडक्यात सांगावयाचे तर, मुदत आधी ठरवा. लांब काम तोडून लहान करा. क्रम हुद्द्यावर किंवा पैशावर न लावता मुदतीवर लावा. किल्ली असणाऱ्याला मोकळे ठेवा. येणाऱ्या निरोपांची बेरीज आधी करा. सरासरीवर विसंबू नका. आणि पोच घ्या.

विद्यार्थी मित्रांनी सुटीत एक अभ्यास करावा असे आम्ही सुचवितो. आपल्या गावात किंवा वॉर्डात पुराचा निरोप कोणाकडून कोणाकडे येतो, याची साखळी कागदावर लिहावी. प्रत्येक टप्प्याला जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते त्या त्या व्यक्तीस विचारून मांडावे. रात्रीचे दोन वाजले आहेत आणि वीज गेली आहे असे धरून तोच हिशेब पुन्हा करावा. साखळीत एकच माणूस असलेला टप्पा दिसला तर त्याच्या शेजारी दुसरे नाव लिहावे. सर्वांत शेवटी निरोप मिळणारे घर कोणते, ते शोधून त्या घरी जावे आणि तेथील माणसांशी बोलावे. तयार झालेला कागद ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेस द्यावा.

या कामास संगणक लागत नाही. वही, पेन आणि घड्याळ पुरेसे आहे. पावसाळ्यापूर्वी हे झाले तर त्या शेवटच्या घरातील माणसांना वेळेवर उठविता येईल.